उशाशी लावलेला रिपीटर

"बाबांना माझ्यापासून कुणी तोडलं, एवढंच मला शोधून द्या," मुलगी म्हणाली. "दादानं केलं असेल, तर यापुढे त्याचं तोंडही पाहणार नाही."

वहिनींनी शांतपणे चष्मा पुसला. शेजारी त्यांचे धाकटे दीर, भावोजी, बसले होते. वहिनींच्या प्रत्येक तपासात सोबत जायचं आणि सगळ्यांत शेवटी उमगायचं, हा त्यांचा शिरस्ता. आत्ता मात्र त्या पोरीकडे पाहून त्यांचा जीव तुटत होता. वडील गेले आणि ही परदेशातून दुसऱ्या दिवशी पोचली.

ती बाबांना रोज व्हिडिओ कॉल करायची. घरात मोबाइलला रेंज नाही, सगळं वायफायवर; राउटर हॉलमध्ये आणि बाबा मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. चित्र अडखळायचं, म्हणून वायफाय आतपर्यंत पोचवणारा रिपीटर तिनंच पाठवला. मग महिनाभर सगळं सुरळीत होतं. एका रविवारी पोटभर गप्पा झाल्या, आणि सोमवारपासून कॉल लागेनात. पुढच्याच आठवड्यात बाबा गेले.

"दादा म्हणायचा, नेट येत नाही. आणि स्वतः हॉलमधून माझ्याशी खुशाल बोलायचा!"

वहिनींनी घर पाहिलं. पॅसेजमधल्या सॉकेटभोवती भिंत मळलेली होती, पण मधे एक स्वच्छ चौकोन होता. रिपीटर बाबांच्या पलंगालगत लावलेला होता आणि त्यावर लाल दिवा जळत होता. टेबललॅम्प कोपऱ्यात, वायर गुंडाळून ठेवलेला.

"फोनवर वायफायची रेंज फुल्ल दिसायची," बाबांची देखभाल करणारी नर्स सांगू लागली. "दादा म्हणायचे नेट खराब आहे. आजोबा फोन पुढे करून म्हणायचे, 'मला फसवू नकोस.' मग भिंतीकडे तोंड करून पडायचे."

"हा लॅम्प कधी काढलात?"

"त्या रविवारी. ताईंचा कॉल संपला आणि आजोबांनी लगेच काढायला लावला."

दादाचे डोळे सुजलेले होते.

"रिपीटर कुणी हलवला?" वहिनींनी विचारलं.

"मी. चूक माझी. आता संपवा हे."

"नेटच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं नाहीत?"

"रोज विनवण्या करत होतो. आला, पण बाबा गेल्यावर."

"काय म्हणाला?"

दादानं तोंड फिरवलं.

"कबुलीच दिली की!" भावोजी कुजबुजले.

"भावोजी, ज्याला नेट तोडायचंय, तो दुरुस्तीवाल्याच्या विनवण्या कशाला करेल?"

वहिनींनी सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं. रिपीटर काढून पॅसेजमध्ये लावला. लाल दिवा हिरवा झाला.

"रिपीटर स्वतः नेट तयार करत नाही. राउटरकडून घेतो आणि पुढे देतो. म्हणून तो मधेच हवा. इथे, या जाड भिंतीमागे, त्यालाच काही मिळत नव्हतं. पण फोनला दिसत होता उशाशी असलेला हा रिपीटर, म्हणून रेंज फुल्ल. दादा खरं बोलत होते आणि त्यांच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. बाबांचाही नाही."

"मग हलवला कशाला?" मुलगी तडकली.

"लॅम्प काढला तो सॉकेट रिकामा करायला. तोही कॉल संपल्या संपल्या. म्हणजे जागा कॉलवरच ठरली होती."

"बस करा, हात जोडतो," दादा म्हणाला.

"बस केलं तर बहीण कायमची अंतरेल तुम्हाला. दुरुस्तीवाल्यानं चूक दाखवली तेव्हाच तुम्ही ती स्वतःच्या अंगावर घ्यायचं ठरवलंत ना?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "'बाबा, ते तुमच्या उशाशी लावून घ्या, म्हणजे चेहरा आणखी स्पष्ट दिसेल.' दादा, तू सांगितलं का नाहीस?"

"सांगून बाबा परत आले असते का?"

भावोजींना सगळं उमगलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. यात शिक्षा करायला कुणीच नव्हतं.

"दादा, खरं सांग. मी कॉलच करत नाही, असं वाटलं का रे त्यांना?"

"छे गं," दादा लगेच म्हणाला. "एकदाही नाही."

नर्सनं मान खाली घातली. मुलीनं ते पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं नाही; दादाच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याचा हात धरून मोठ्यानं रडू लागली.