क्लोजअपमधले हात

"चेहरा कुठाय?" मी विचारलं, कारण मेकअपच्या खुर्चीत बसून त्यानं नुसते दोन्ही हात पुढे केले होते.

"चेहरा हिरोचा घ्या. माझे फक्त हात दिसणारेत."

जुगाऱ्यावरचा छोटासा विनोदी सिनेमा होता आमचा. हिरोला पत्ते पिसता येईनात, म्हणून क्लोजअपसाठी हा पत्तेमास्तर. त्याच्या बोटांना पावडर लावताना माझेच कान तापले... इश्श, या वयात!

"हिरोच्या नाकालासुद्धा इतका वेळ लावत नाही तुम्ही," तो म्हणाला.

"नाक गप्प बसतं. तुमची बोटं वळवळतात."

"जुनी खोड. आईच्या बांगड्या घालवल्या, त्या दिवसापासून पत्ते सोडले मी. हे नुसतं नाटक."

मी विश्वास ठेवला. आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. चहाच्या कपाआडून तो बघायचा, मी उगाच ब्रश पाडायचे. एवढंच... पण मला पुरत होतं.

मग दिग्दर्शकाला शक्कल सुचली. "हात थरथरत नाहीयेत! एका शॉटपुरती खरी पैज लावा रे."

"दादा, नको हो!" मी ओरडले. सगळे हसले. हिरोनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि याचे हात असे थरथरले की कट झाल्यावर टाळ्या पडल्या. तो मात्र उठलाच नाही.

जेवणाची सुट्टी झाली. दिवे बंद झाले, तरी लाइटवाल्यांना घेऊन तो तिथेच बसलेला.

"चल ना जेवायला," मी म्हटलं.

"एकच डाव. आणि ऐक – हा जिंकलो, तर तुला मागणी घालणार. सगळ्यांसमोर!"

शिट्ट्या वाजल्या. या एका वाक्यासाठी मी किती दिवस जीव टांगणीला लावून होते, आणि ते असं आलं.

"आणि हरलास तर?"

"तर पुढच्या डावाला घालीन की!"

तो जिंकला. उडी मारून माझ्यासमोर आला. "बोल, करतेस लग्न?"

"माझं प्रेम आहे रे तुझ्यावर," मी म्हटलं. रडू आवरेना. "पण... नाही."

"नाही? अगं, जिंकलो ना मी!" त्याला खरंच कळेना. मग तो हसला, परत बसला, भराभर पत्ते पिसायला लागला. "थांब, जाऊ नकोस. या डावात तुझा होकार काढूनच दाखवतो."

मी दारापर्यंत गेले. त्यानं मान वर केली नाही. तो पत्ते वाटत होता.