हिरव्या रबराचं बूच

"बोहदाना मेणबत्ती लावायला बाहेर पडली होती, एवढंच," प्रयोगशाळेचं सामान आणणाऱ्या लुबोरकाकांनी सुरुवात केली. प्रयोगशाळेतल्या दोघी पोरींनी खुर्च्या जवळ ओढल्या. खिडकीबाहेर लाबे नदी अंधारात दिसेनाशी झाली होती.

शनिवार, दोन नोव्हेंबर. मेलेल्यांचा दिवस, त्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा. सगळं गाव दफनभूमीत. बोहदाना इथेच यंत्र चालवायची; तिचा नवरा ओताकर त्याच मार्चमध्ये वारला होता. लाल काचेतली मेणबत्ती पिशवीत टाकून ती निघाली, आणि दफनभूमीच्या फाट्यावरून उलट दिशेला वळली. इकडे, प्रयोगशाळेकडे.

ओताकर इथे कॉलम, म्हणजे रक्तातले घटक वेगळे करायच्या नळ्या, हाताने बनवायचा. सुईएवढ्या काचनळीत मिश्रण भरायचं, नखाने तीनदा टिचकी मारून बुडबुडे घालवायचे, टोकांना रबराची बुचं अंगठ्याने दाबून बसवायची आणि नळी रात्रभर गरम पाण्यात ठेवायची. सकाळी आत पांढराशुभ्र, स्पंजासारखा पॉलिमर. रक्तातले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, त्याच्या छिद्रांत अडकतात आणि द्रावण बदलत नेलं की एकेक करून सुटतात. पडद्यावर एकेक शिखर उमटतं. एका आजाराच्या रक्तात ओताकरला असंच एक इवलं शिखर सापडलं होतं. त्याच्या माघारी नवे प्रमुख हानुश म्हणाले, "ते शिखर नव्हे, त्याच्या कॉलममधली घाण." त्याचा उरलेला एकुलता एक कॉलम सोमवारी कचऱ्यात जायचा होता.

"घाण म्हणे!" बोहदानाने यंत्र सुरू केलं. "घाण असेल तर नुसत्या द्रावणातही दिसेल. नाही दिसली, तर हानुशसाहेब, शब्द गिळायला तयार राहा."

आधी नुसतं द्रावण सोडलं. रेघ सरळ. स्वच्छ. ती हसली. रक्ताचा नमुना उचलला...

टक्.

नळी उभी तडकली.

"मग?" पोरींपैकी इर्माने विचारलं.

दुसरा कॉलम नव्हता. तिला बनवता येत नव्हता. कितीदा विचारलं होतं, ओताकर म्हणायचा, "उद्या शिकवतो, बाई." ती तशीच बसून राहिली. कुणी हललं नाही की इथले दिवे आपोआप विझतात, तुम्हाला ठाऊक आहे. विझले.

अंधार.

मागे... टिक्.

टिक्... टिक्.

काचेवर नख. ती हलली नाही. मागे कुणीतरी हलत होतं. पाणी ओतल्याचा आवाज आला. दिवे मात्र लागले नाहीत.

ती पुढे बघतच म्हणाली, "ओता, मी रडायला आलेली नाही. उद्या-उद्या करत अर्धं काम टाकून गेलास. लोक तुझ्या कामाला घाण म्हणतात. पुरं कर ते. नाहीतर मेणबत्ती विसर."

उठून पळाली असती तर दिवे लागले असते. म्हणून ती उठली नाही. मान वळवली नाही. पाठ दुखली, पाय बधिर झाले. रात्रभर. तशीच.

उजाडलं तेव्हा कोपऱ्यातलं पाण्याचं भांडं गरम होतं. त्याची वायर भिंतीपासून सुटून जमिनीवर पडली होती. पाण्यात एक नळी. टोकापासून टोकापर्यंत पांढरी.

"सोमवारी तिने तो कॉलम सगळ्यांसमोर चालवून दाखवला," काका म्हणाले. "नुसत्या द्रावणाला सरळ रेघ. रक्ताला शिखर, अगदी त्याच जागी. हानुश विचारतो, कुणी बनवला? म्हणाली, ज्याने बनवला त्याचंच नाव लिहा. आणि लिहायला लावलं!"

"आणि मेणबत्ती?"

"रविवारीच लावली. शब्दाची पक्की बाई."

"काका, बियर किती झाली आज?" दुसरी पोर हसली. "रात्री तिनेच केला असेल. नवऱ्याची लाज राखायला त्याचं नाव."

काकांनी खिशातून त्या कॉलमचं वाटाण्याएवढं हिरवं बूच काढून टेबलावर ठेवलं. "ओताकरचा अंगठा लहानपणी दारात चेमटला होता. नख मधोमध चिरलेलं. दाबलं की दोन चंद्रकोरी उठायच्या."

रबरावर दोन चंद्रकोरी होत्या.

"जुनं असेल," इर्मा हळूच म्हणाली.

"तो होता तोवर इथे काळंच रबर यायचं, पोरी. हे हिरवं मी पहिल्यांदा आणलं, ते सप्टेंबरात."