भुयारी मार्गातली सोबत

मी तेव्हा हिंजवडीला नोकरीला होते आणि राहायचे कोथरूडला. कंपनीची बस महामार्गाच्या पलीकडे सोडायची. घरी यायचं तर भुयारी मार्गातून यावं लागे, आणि तिथला एकही दिवा चालू नव्हता. बायका खाली उतरण्यापेक्षा धावत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायच्या.

शेजारच्या मंदाकिनीताई निवृत्त शिक्षिका. महापालिकेत तक्रार करण्याआधी स्वतः चालून बघू म्हणाल्या. "बाईनं अंधारात जाऊ नये, हे सगळे सांगतात. दिवा लावायचं मात्र कुणाला सुचत नाही."

डिसेंबरातली तिन्हीसांज होती. टॉर्च घेऊन आम्ही दोघीच उतरलो. ओल, मूत्र आणि कुजक्या पाल्याचा वास नाकात शिरला. वरच्या ट्रकची घरघर छतातून अंगात उतरत होती. मधल्या वळणावर मागचा उजेड संपला, आणि मागून चपलांचा आवाज आला.

"अहो... जरा थांबता का? एकटीला भीती वाटते..."

मंदाकिनीताईंनी माझा दंड घट्ट धरला. "चल. मागे बघू नकोस."

"पण ताई, कुणीतरी बाई आहे..."

"आपण उतरलो तेव्हा मागे कुणी नव्हतं," त्या कुजबुजल्या. "मी वळून पाहिलं होतं."

तरी मला पुढे जाववेना. या अंधारात अशी हाक मीही मनातल्या मनात कितीदा मारली होती. मी न वळता हात मागे केला. "चला, आमच्याबरोबर या."

माझ्या हातात एक हात आला. गार, ओला. पायऱ्या लागल्या तशी पकड घट्ट होत गेली, आणि वर रस्त्याचा उजेड तोंडावर पडला तेव्हा हात रिकामा होता. मी वळले. मागे कुणीच नव्हतं.

भुयारी मार्गाच्या तोंडाशीच शालन गजरे विकत बसायची. आमच्याकडे बघून तिनं सहज विचारलं, "तुमच्यासंगं आलेली बाई परत खाली का गेली, ताई?"

मंदाकिनीताई मटकन पायरीवर बसल्या. मी विचारलं, "तू... पाहिलंस तिला?"

"व्हय की. थांब म्हणलं, तर म्हणली..." शालननं खालच्या अंधाराकडे बघत पदर सारखा केला. "म्हणली, अजून एकजण खाली ऱ्हायलीय."