दोन मिनिटं दगड

ठकू सात महिन्यांची होती आणि कुणाच्याही कडेवर खुशाल जायची. शेजारीण, गॅसवाला, लस टोचणारी नर्ससुद्धा. तिला सगळे सारखेच. ही निवडणुकीला उभी राहणार, असं तिचा बाप कौतुकानं सांगत सुटायचा. आईला मात्र हसू येत नसे. सोमवारपासून ती कामावर रुजू होणार होती, ठकू पाळणाघरात जाणार होती, आणि आई जवळ नाही हे लेकीच्या गावीही नसणार, ही धास्ती तिचा पिच्छा सोडत नव्हती.

ठकूच्या झोपेच्या वेळात ती एका विद्यापीठाचा मेंदू आणि वर्तनावरचा फुकट ऑनलाइन कोर्स करत होती. आठव्या पाठात एक प्रयोग आला. आईनं बाळाला समोर बसवून खेळवायचं आणि एकदम दोन मिनिटं चेहरा दगडासारखा करायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. आईची सवय असलेलं बाळ आधी बावरतं, मग तिला परत बोलावू बघतं, आणि बहुधा रडतं.

लेकीला रडवून खात्री करून घेणारी आई पहिल्यांदाच बघतोय, असं नवरा म्हणाला आणि डबा घेऊन कामावर गेला.

शुक्रवारी दुपारी तिनं दार लावलं. दोघी दिसतील असा मोबाइल पुस्तकांना टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं. ठकू उंच खुर्चीत, आई समोर स्टुलावर. बोबडं बोलून झालं, नाक घासून झालं. मग तिनं गजर लावला, हात मांडीवर ठेवले आणि ती थिजली.

ठकू हसली. थबकली. टाळ्या वाजवून पाहिल्या, हात पुढे केले. मग खालचा ओठ बाहेर आला आणि तिनं भोकाड पसरलं. आसवं थेट हनुवटीपर्यंत ओघळली.

आईला हायसं वाटलं. ओळखते. माझीच आहे.

अजून मिनिटभर होतं.

ठकूचं रडणं थांबलं.

ती आईच्या चेहऱ्याकडेच बघत होती. मग, आई बाहीनं तोंड पुसायची तेव्हा करायची तसा, डोळे मिटून तिनं एक गाल पुढे केला. मग दुसरा. मग हनुवटी वर केली.

आणि खुदकन हसली.

गजर वाजला. आईनं झडप घालून तिला उचललं. गाल कोरडे होते. हनुवटीही.

तिनं रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. चेहरा दगड. हात मांडीवर, एकदाही न हललेले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"रडली का गं?"

"रडली."

"मग झालं ना समाधान?"

"हो," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. बोलता बोलता तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. काहीतरी गार लागलं.

उजव्या बाहीची कड ओली होती. तिनं ती जिभेला लावून पाहिली.

खारट.