वारा झाडणारी मुलगी

जव्हारच्या बाजाराला जाणारी एक पायवाट हायड्रोजनच्या कारखान्यामागून जाते. कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची एक शेड, छपरावर सौरपट्ट्या, दोन निळ्या टाक्या आणि अंगणात एक पेरूचं झाड. कामाला माणसंही एका जीपमध्ये मावतील एवढीच. सूर्याच्या विजेने पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन साठवायचा आणि जिथे वीज टिकत नाही तिथे त्या वायूपासून पुन्हा वीज करायची, हे त्यांचं काम.

भातकापणी आटोपली होती. सकाळचं धुकं नुकतंच विरत होतं. शिंदीच्या झाडूंचा भारा डोक्यावर घेऊन दिपेश त्या वाटेने निघाला होता आणि एकदम थबकला.

कुंपणापलीकडे एक मुलगी चालत होती. अगदी हळू. हातात झाडू होता, पण तो जमिनीला लागत नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर, समोर लांब धरलेला... आणि तिचे डोळे झाडूच्या टोकावर.

"ओ ताई, वारा झाडताय काय?"

मुलीने मान न वळवता हात वर केला. "तिथेच थांबा. एक पाऊलसुद्धा पुढे नको."

दिपेश थांबला. एक पाय वाटेवर, एक उचललेला. मुलगी टाकीला वळसा घालून गेली, नळीच्या कडेकडेने परत आली, तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"ठेवा पाय खाली. काही नाहीये."

"शोधत काय होतात?"

"आग."

"मंग ती डोळ्याला दिसली नसती?"

"नाही," ती म्हणाली. "तीच तर गंमत आहे."

तुम्ही चुलीतला जाळ पाहिलाय, तो पिवळा असतो. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी. पण हायड्रोजन उन्हात जळायला लागला तर डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. माणूस सरळ त्या आगीत चालत जाईल. कारखान्यात गळती सांगणारं यंत्र होतं, पण धुकं दाटलं की ते उगाचच किंचाळायचं. मग झडपा बंद करून हर्षदा झाडू घेऊन फेरी मारायची. हर्षदा म्हणजे तीच, वारा झाडणारी. वाटेत ज्योत असलीच तर झाडूचं टोक आधी पेटणार.

दिपेशने सगळं ऐकून घेतलं. मग कुंपणावरून वाकून त्याने झाडूची मूठ निरखली.

"हा माझ्या आयने बांधलाय. हा तिरपा वळसा बघा, तिचाच. तिने घर झाडायला दिला आणि तुम्ही त्याला आगीच्या तोंडाशी धरता!"

"मग आईंना सांगा, झाडू फार धीट निघाला."

दिपेश हसला. बाजारात पोचेपर्यंत हसतच होता. पोचल्यावर मात्र त्याने कपाळावर हात मारला. 'ताई' म्हणालो आपण! काय गरज होती?

पुढच्या बाजाराला तो पुन्हा कुंपणाशी हजर. हातात नवा झाडू.

"म्हटलं, जुना झिजला असेल... मॅडम."

"मॅडम? मागच्या वेळी ताई होते ना मी?"

"तवा धुकं होतं. नीट दिसलं नव्हतं."

हर्षदाने झाडू घेतला आणि पेरूच्या झाडाला टेकवून ठेवला. "जमिनीला लागतच नाही तर झिजेल कशाने?"

"वाऱ्याने," तो म्हणाला.

असे झाडू येत राहिले आणि प्रत्येक झाडूबरोबर एक प्रश्न यायचा. हर्षदाला आजवर लोकांनी पगार विचारला होता, लग्नाचं विचारलं होतं. हा मात्र भलतंच विचारायचा.

"पाण्यात जर जळणारा वायू आहे, तर विहीर का पेटत नाही?"

त्या दिवशी घरी भाकरी थापताना तिच्या डोक्यात तेच. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती आपणहून कुंपणाशी उभी होती.

"चुलीतली राख पुन्हा पेटते का?"

"नाय."

"का?"

"जळून झाली ती."

"पाणीही तसंच. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं, ते पाणी. ते पुन्हा पेटत नाही. आम्ही विजेने ते फोडतो, तेव्हा कुठे त्यातला हायड्रोजन सुटा होतो."

दिपेशने आपली पाण्याची बाटली डोळ्यांसमोर धरली. "म्हणजे आपण राख पितो?"

"थंडगार राख," हर्षदा म्हणाली आणि दोघं एवढ्या मोठ्याने हसली की आतून हेमंत सर बाहेर आले. हेमंत सर म्हणजे कारखान्याचे प्रमुख. त्यांनी पेरूच्या झाडाभोवती रचलेल्या झाडूंकडे पाहिलं, मग दिपेशकडे.

"हर्षदा, आपण वायू बनवतो की झाडूचं दुकान काढलंय?"

याच सुमारास कारखान्याची पहिली वीजपेटी तयार झाली. कपाटाएवढी पेटी. एका बाजूने हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूने वीज घ्यायची आणि खाली नळीतून टपटप पाणी. एखाद्या आरोग्य उपकेंद्रात ती बसवायची, म्हणजे वीज गेली तरी लशींचा फ्रिज थंड राहील. पहिलं नाव निघालं मोखाड्याकडच्या एका पाड्याचं. तो दिपेशचा पाडा. पाड्याने नकार दिला तर पेटी जाणार नंदुरबारच्या डोंगरात आणि जिथे पेटी, तिथे वर्षभर हर्षदा.

हे तिने दिपेशला सांगितलं तेव्हा तो झाडूची एक काडी ओढून बोटाभोवती गुंडाळत राहिला...

पाड्याचा होकार घ्यायला बैठक ठरली; तिच्या आदल्या दिवशी हेमंत सरांनी तिला बजावलं, "पेटी दाखव, दिवा लावून दाखव, पाणी दाखव. ज्योत दाखवू नकोस. न दिसणारी आग म्हटली की माणसं घाबरतील आणि संपलं."

हर्षदाने कुंपणाशी दिपेशला विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

ज्योत लपवली तर पाडा हो म्हणेल, ही वर्षभर तिथेच राहील, हे दिपेशलाही कळत होतं.

"दाखवा," तरीही तो म्हणाला. "पेटीजवळून आमचीच पोरं खेळत जाणार."

"नाही म्हणाले तर?"

"तर... नंदुरबारला बाजार भरतच असेल."

दुसऱ्या दिवशी पाड्यावर उपकेंद्राच्या ओट्यासमोर माणसं जमली. हर्षदाने पेटी सुरू केली, दिवा लागला. नळीतलं पाणी तिने पेल्यात धरून स्वतः प्यायलं. एक नऊवारी नेसलेली ठेंगणी बाई पुढे झाली, तिने हर्षदाच्या हातातला पेला घेऊन उरलेला घोट चाखला.

"फिक्कं आहे. आमच्या झऱ्याचं गोड." मग डोळे बारीक करून, "मी रंगू. दिप्याची आय. माझे झाडू वाऱ्यात फिरवते ती तूच काय गं?"

"हो, मीच."

"तरीच! दर बाजाराला एका झाडूचे पैसे कमी यायचे. मी समजले, पोरगा विकून वडापाव खातो."

सगळी बैठक हसली. दिपेशला ओट्याखाली जाता आलं असतं तर गेला असता.

हर्षदा मात्र गंभीर झाली. "आता एक वाईट गोष्ट दाखवते. ती बघूनच काय ते ठरवा."

तिने सगळ्यांना लांब उभं केलं. उन्हात, मोकळ्यावर, एका बारीक नळीच्या तोंडाशी ज्योत लावली. कुणालाच काही दिसेना. फुसफुस आवाज तेवढा.

"कुठाय आग?" मागून म्हातारे जिवाबाबा ओरडले.

हर्षदाने रंगूच्या हातात झाडू दिला आणि तिच्या मनगटाला धरून तो हळूहळू पुढे नेला. काहीच नाही... काहीच नाही... आणि टोक भप्पकन् नारिंगी पेटलं! बायका किंचाळल्या. हर्षदाने नळी बंद केली, झाडूचं टोक मातीत दाबलं. बाजूला उभ्या असलेल्या हेमंत सरांनी डोळे मिटून घेतले होते.

रंगूने झाडूचं जळकं टोक वर करून निरखलं.

"ही आग पेटीत असते?" रंगूने विचारलं.

"नाही. पेटीत वायू जळत नाही, तिथे नुसती वीज होते. पण कुठे गळला आणि ठिणगी मिळाली तर हे होऊ शकतं. म्हणून पेटीभोवती कुंपण राहील आणि रोज सकाळी मी झाडू घेऊन फेरी मारीन."

"रोज?"

"रोज."

जिवाबाबा काठी टेकत पुढे आले. "चूल पण जाळते. आम्ही पोरांना चूल शिकवतोच ना? मागे मोबाइलचा टावर लावणारे आले, त्यांनी नुसतं गोड गोड सांगितलं. या पोरीने आधी भाजतं कुठे ते दाखवलं. ठेवा ती पेटी."

रंगूने जळक्या टोकाचा झाडू झटकला. "ठेवा. झाडू मी देईन. चोरून आणायचं कारण नाय आता."

पुन्हा हसणं. हेमंत सरांनी डोळे उघडले.

संध्याकाळी माणसं पांगली. नाचणीच्या रचून ठेवलेल्या उडव्यांवर तांबूस ऊन होतं. हर्षदा कुंपणाच्या खांबांच्या जागा आखत होती. मागे पावलं वाजली म्हणून तिने वळून पाहिलं. दिपेश येत होता. अगदी हळू. जळक्या टोकाचा तोच झाडू दोन्ही हातांनी समोर धरून, नजर टोकावर रोखून.

"हे काय?"

"थांबा. एक पाऊलसुद्धा पुढे नको." तो आणखी जवळ आला. "तपासतोय. इथं काहीतरी आहे... पहिल्या दिवसापासून. डोळ्याला दिसत नाय, पण लागतं. एकट्यालाच लागतं का दोघांना, तेवढं समजत नाय."

झाडूचं टोक तिच्या ओढणीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. हर्षदाने हळूच त्याच्या हातातून झाडू काढून घेतला आणि खांबाला टेकवून ठेवला.

"पेटला नाय?" त्याने घाबरून विचारलं.

"झाडू कशाला हवा?" ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला केव्हाचं दिसतंय."