गाळलेली ओळ

साल १९७४. छापखान्यात नव्याने लागलेला मुद्रितशोधक पाण्याच्या माठापाशी गेला, तर तिथे एक मुलगी लागोपाठ तिसरा पेला संपवत उभी होती.

"आमच्यासाठी थोडं ठेवाल?" तो म्हणाला.

"रांगेत राहा. माझा अजून एक बाकी आहे," असं म्हणून तिने खरोखरच चौथा भरून घेतला.

दहा मिनिटांनी कळलं, दोघांचं टेबल एकच. ती हस्तलिखित मोठ्याने वाचणार, स्वल्पविरामांसकट. तो समोरच्या प्रुफावर नजर ठेवणार. काही अडलं की त्याने टेबलावर पेन्सिल वाजवायची, टक, आणि तिने थांबायचं. टेबलावर तिची सुरई कायम असे, म्हणून सगळे तिलाच सुरई म्हणत. आवाज मात्र असा, की शेजारच्या खोलीत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे हात क्षणभर थबकत.

सात महिने ते औषधशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ वाचत होते. "आतड्यांचे विकार, स्वल्पविराम," असं ती म्हणे आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत. शेवटी एकदा त्याने धीर केला.

"जन्मभर असंच... वाचून दाखवाल?"

"विकारच?"

"काहीही."

ती हसली. मग तिची नजर खाली गेली. "महिनाभर थांबा. मग सांगते."

त्या महिन्यात सुरई भरलेलीच राहू लागली. वेणी विस्कटलेली, आवाज सपाट. बाहेर पाऊस पडतोय हेही तिला सांगावं लागे. नकार कसा द्यायचा याचीच हिला चिंता लागलीय, असं त्याला वाटलं.

मग ते पान आलं. मनाच्या उदासीवरची औषधं. "तोंडाला कोरड पडते, स्वल्पविराम, सकाळी गुंगी राहते, पूर्णविराम..." ती पुढे वाचत गेली.

टक.

"एक ओळ राहिली."

"नजर चुकली असेल."

"इतक्या महिन्यांत एकदाही चुकली नाही." त्याने प्रूफ तिच्याकडे वळवलं. 'रुग्णाने हे औषध आपल्या मनाने बंद करू नये.' मग त्याने सुरईतल्या न प्यायलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं.

"किती दिवस झाले बंद करून?"

"तीन आठवडे." ती बोटाला पदर गुंडाळत राहिली. "दोन वर्षं घेत होते. त्याआधी सकाळी डोळे उघडले की छातीवर भिजलेली गादी टाकल्यासारखं व्हायचं. आता पुन्हा तेच. म्हटलं, गोळ्यांशिवाय महिना काढता आला, तरच तुम्हाला हो म्हणायचं. डबीसकट बायको कोण करतं?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"ती भिजलेली गादी ढकलून तुम्ही रोज आठला इथे हजर? मला तर कोरड्या गादीतूनही उठवत नाही."

तिला हसू फुटलं, डोळेही भरले. "कीव नको हं."

"कीव कसली? हेवा वाटतोय. ओळ वाचा."

तिने वाचली, पूर्णविरामासकट.

"संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ. तुम्ही आत जा, मी बाहेर बाकावर बसतो. सुरई भरायचं काम माझं."

"आणि... तुमच्या प्रश्नाचं?"

"डबीसकट विचारला होता, असं समजा."

"मग हो," ती म्हणाली.

सासूबाईंना तिने लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मी माझी रक्तदाबाची गोळी रोज विसरते," त्या म्हणाल्या. "दोघी बरोबरच घेऊ, एकमेकींवर लक्ष राहील." त्या अठ्ठ्याऐंशी वर्षं जगल्या. छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले. तिचं औषध डॉक्टरांनी नऊ वर्षांनी हळूहळू थांबवलं, पुढे दोनदा पुन्हा सुरू केलं. काही दिवस तर उठायला दुपार झाली. पण ती उठली.

तो गेला त्या वर्षी, इस्पितळातल्या एका दुपारी, ती त्याला तेच पान वाचून दाखवत होती. त्याचे डोळे मिटलेले, श्वास जड. तिने मुद्दाम ती ओळ गाळली.

खाटेच्या दांडीवर त्याचं बोट वाजलं... टक.