बंद करण्याआधी दोन मिनिटं

"आता काय दुखून राहिलं वं तुले? परवाच एवढं तेल पाजलं... तरी तोंड फुगवूनच?"

बॉनेटखालून कुरकुर चालली होती. माणसाची नुसती पाठ दिसत होती. शामला हातभर अंतरावर उभी राहून ऐकत होती. ती भांडायला आली होती. कामठी रोडवरच्या या गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली घरची गाडी आठवडाभर गुणानं वागली होती आणि पुन्हा निळा धूर सोडू लागली होती. कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर 'शूऽऽ' करणाऱ्या शामलानं आज मोठ्यानं बोलायचं ठरवलं होतं.

"तिला काही दुखत नसेल," ती म्हणाली. "तुम्हाला समजत नसेल."

डोकं बॉनेटवर आपटल्याचा आवाज आला. मग डोकं आलं. कपाळावर काळा पट्टा, आणि डोळे... डोळे मात्र लख्ख.

"नाही समजत," तो म्हणाला.

आता एवढ्यावर भांडायचं तरी कसं?

त्याचं नाव मधुकर भोयर. गाव मौद्याजवळ. भाऊ धानाच्या बांधीत राबणारा आणि हा इंजिनात. गाडी होती शामलाच्या वसंतदादाची. मस्कतहून कायमचा परत येतो म्हणून त्यानं ती बोटीनं पाठवली. गाडी आली, दादा आला नाही. स्टिअरिंग डावीकडे, रंग मोरपंखी आणि पोटात टर्बो. अख्ख्या नागपुरात अशी दुसरी गाडी कोणी पाहिलेली नव्हती, मधुकरनंही नाही.

"धुराच्या जोरावर फिरणारा पंखा आहे," तो तिला समजावू लागला. "तो इंजिनात हवा कोंबते. म्हणून गाडी अशी उधळते. पण हा पंखाच जळून राहिला... काहून, तेच कळत नाही."

"मग कोणाला कळेल?"

"विचारतो," तो म्हणाला. "लाज कशाची?"

आणि खरंच तो कन्हानला गेला. तिथल्या कोळशाच्या खाणीत डंपर चालतात, त्यांच्या इंजिनांना असलेच पंखे. तिथल्या देवाजी नावाच्या ऑपरेटरनं चहा पिता पिता त्याला सगळं सांगितलं.

बाबा, म्हणजे वामनराव, सकाळी गाडी गॅरेजमध्ये टाकून बर्डीवरच्या आपल्या कापडाच्या दुकानात जात. शनिवारी लायब्ररी अर्धा दिवस, म्हणून आणायला शामला. सोबत जिजाआत्या, मागच्या सीटवर. "मले हवा खायची आहे," ती म्हणायची, आणि गाडी हलली की डोळे मिटायची. मधुकर त्यांना कन्हानच्या पुलापर्यंत नेऊन ट्रायल घ्यायचा आणि घरी पोचवायचा. शामला उजवीकडे बसायची. येणारे जाणारे बघायचे: बाई गाडी चालवते आणि हात मांडीवर! तिला हसू यायचं. तो समोर बघायचा आणि त्यालाही यायचं.

त्या शनिवारी फाटकाशी गाडी थांबली, पण त्यानं चावी फिरवली नाही.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "देवाजीनं सांगितलं. पळून आलेल्या गाडीले एकदम बंद नाही करायचं. पंखा फिरतच राहते, आत सगळं तापून लाल... आणि इंजिन बंद केलं का तेल बंद. मग जळते. नुसतं उभं राहू द्यायचं. निवू द्यायचं."

"बाहेरून तर काही दिसत नाही."

"बाहेरून कुठं दिसते, मॅडम."

इंजिन हळू गुरगुरत होतं. अवकाळी पावसाचे चार थेंब काचेवर पडले. त्यानं वायपर लावला नाही, तिनं लाव म्हटलं नाही.

"माणसांचंही तसंच असतं का हो?" तिनं विचारलं.

"माणसं..." तो थबकला. "माणसं कधी उघडून नाही पाहिली मी."

मागून आत्या झोपेत खोकली. झोपेत, असं आपण म्हणू.

उतरताना तो म्हणाला, "घरी सांगा मात्र. तुमचे बाबा वळणावरच इंजिन बंद करतात म्हणालात ना?"

करत होते. पेट्रोल वाचतं म्हणून. गल्लीच्या वळणावर चावी फिरवायची आणि उतारावरून गाडी आवाज न करता फाटकापर्यंत सोडायची. जुन्या गाडीपासूनची ही कला आणि तिचा केवढा अभिमान! त्या रात्री शामलानं ताट वाढलं, भाजी वाढली, आणखी पोळी हवी का विचारलं. सांगायचं ते ओठांवर आलं... आणि समोर पुढचा शनिवार उभा राहिला, मोकळा, कोरडा.

तिनं आणखी एक पोळी वाढली.

गाडी पुन्हा धूर सोडू लागली. मधुकरनं पंखा उघडला. आत तेल जळून काळं खडखडीत झालेलं.

"घरी सांगितलं होतं ना?"

"हो..." शामला म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

तो त्या काळ्या थराकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मग त्यानं तो थर फडक्यानं असा पुसला, जणू काच पुसतोय. "होईल," तो म्हणाला. "शनिवारी या." काम गुरुवारीच झालं असतं.

थंडी सरली, ऊन तापू लागलं. 'मॅडम'चं 'शामलाबाई' झालं, 'मिस्त्री'चं 'मधुकरराव'. त्यापुढे मात्र गाडी हलेना. दोन मिनिटं संपायची, तो चावी तिच्या तळहातावर ठेवायचा, बोट लागणार नाही इतक्या जपून, आणि बस पकडायला निघून जायचा. ती तापलेली चावी ती आठवडाभर मुठीत असल्यासारखी जगायची.

आणि एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "वसंतानं कळवलं, विकून टाका म्हणे. रायपूरचे शेठ रविवारी येऊन राहिले पाहायले. त्या मिस्त्रीलेही बोलाव."

रविवारी बाबा चालवायला, शेजारी शेठ. मागे एका खिडकीशी मधुकर, दुसऱ्या खिडकीशी शामला, आणि मध्ये जिजाआत्या, सातपुड्यासारखी. कन्हानपर्यंत गाडी नुसती उडत गेली. शेठ खूश. मधुकर बाहेर बघत होता. एवढं नीट काम त्यानं कधी केलं नव्हतं आणि इतका उदास तो कधी दिसला नव्हता.

गल्लीचं वळण आलं. बाबांचा हात सवयीनं चावीकडे गेला.

"काका, बंद नका करू!"

मधुकरच्या तोंडून निघूनच गेलं. गाडी फाटकाशी थांबली, इंजिन चालूच.

"काहून?" बाबांनी मागं वळून पाहिलं.

त्याला सांगावंच लागलं. पंखा, तेल, दोन मिनिटं. शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तो खराबी कुछ थी ही नहीं? बस इतनीसी बात?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "आन् मले सांगितलं काहून नाही? थंडीपासून माझ्या गाडीचे हाल करून राहिला तू? आता बर्डीवर दुकानादुकानात सांगतो मी. तुझ्या गॅरेजकडे कुत्रंही फिरकणार नाही!"

मधुकरनं मान खाली घातली. शामलाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"चुकलं, काका. सांगायचं राहून गेलं माझ्याकडून."

इंजिन गुरगुरत होतं. आत्यानं डोळे उघडले. तिनं आधी मधुकरकडे पाहिलं, मग भाचीकडे, आणि हळूच मागं टेकून बसली, दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतील इतकी.

"खोटं बोलतात ते, बाबा." शामलाचा आवाज लायब्ररीतला नव्हता. "यांनी सांगितलं होतं. तुम्हाला सांग म्हणून मलाच सांगितलं होतं... मी नाही सांगितलं."

"तू? काहून वं?"

"गाडी नीट झाली असती, तर मग यांना भेटायला मी काय निमित्त काढलं असतं, बाबा?"